नुसतं रडून भागत नाही: बालपणीच्या आघातांवर भावना-केंद्रित थेरपी कशामुळे उपयोगी पडते

मनात साचलेलं बाहेर काढलं की माणूस बरा होतो, असं आपण सहज बोलून जातो. गळू फुटून पू निघून गेला की ठणका थांबतो, तसं काहीसं चित्र डोक्यात असतं. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, रोजचा अपमान किंवा दुर्लक्ष सोसलेल्या माणसांच्या बाबतीत हे चित्र फसतं. त्यांच्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं रडलेले असतात. काही जण आयुष्यभर संतापलेले असतात आणि तो संताप भलत्याच माणसांवर निघत असतो. काहींना तर रडूच येत नाही. स्वतःवर गुदरलेली गोष्ट ते इतक्या कोरडेपणाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ही दुसऱ्याच कुणाची हकीकत आहे. एवढं सगळं होऊनही आतलं ओझं जागचं हललेलं नसतं.

त्यामुळे ‘भावना-केंद्रित थेरपी’ हे नाव ऐकून इथे माणसाला रडवून मोकळं करत असतील, असा समज झाला तर नवल नाही. प्रत्यक्षात या थेरपीचा भर वेगळ्याच गोष्टीवर असतो: कोणती भावना वर येते, कोणाच्या सोबतीने येते, किती तीव्रतेने येते आणि ती आल्यावर तिच्या जागी दुसरी कोणती भावना उभी राहते. गेली तीसेक वर्षं संशोधक सत्रांची रेकॉर्डिंग्ज मिनिटामिनिटाने ऐकून नेमकं हेच तपासत आले आहेत. या लेखात त्या कामातून काय हाती लागलं ते सांगायचा प्रयत्न आहे.

जखम कोणत्या जातीची आहे

अपघात, पूर, भूकंप यांतूनही आघात होतो. पण तिथे घाबरलेलं मूल धावत जाऊन कुणाला तरी बिलगू शकतं. घरातल्याच माणसाने केलेल्या अत्याचारात ती सोय उरत नाही, कारण भीती ज्याची वाटते आणि आसरा ज्याच्याकडे मागायचा तो माणूस एकच असतो. मूल घर सोडून जाऊ शकत नाही, आईवडिलांना ‘तुम्ही चुकताय’ असं सांगू शकत नाही. मग ते जगण्यासाठी जे शक्य आहे ते करतं. राग गिळतं, कारण राग दाखवला तर मार वाढतो. रडू दाबतं, कारण रडलं की हसतात. आणि सगळ्यात जड म्हणजे, ‘मीच वाईट आहे म्हणून हे होतंय’ असं ठरवून टाकतं. हे विचित्र वाटेल, पण मुलाच्या दृष्टीने त्यात तर्क आहे. मी वाईट असेन तर मी सुधारू शकेन आणि मग हे थांबेल. आईबापच वाईट असतील तर मात्र काहीच आशा नाही.

मोठेपणी याचे तीन परिणाम दिसतात. भावना आवरता येत नाहीत किंवा जाणवतच नाहीत. स्वतःबद्दल खोलवर लाज आणि कमीपणा असतो. आणि जवळच्या नात्यात विश्वास टाकणं फार अवघड जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (ते 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं) ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ असं वेगळं निदान आहे. पीटीएसडीच्या (म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या) नेहमीच्या लक्षणांच्या जोडीला हेच तीन परिणाम तिथे नोंदवलेले आहेत.

भावना न जाणवण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ते बाहेरून कळत नाही. आपल्याला काय वाटतंय हे ओळखता न येणं, त्याला नाव देता न येणं याला ‘अलेक्सिथिमिया’ म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी 1970च्या दशकात हा शब्द रूढ केला. अशा माणसाला ‘कसं वाटतंय?’ विचारलं तर तो प्रामाणिकपणे ‘काही नाही’ म्हणतो, किंवा ‘छातीत जड वाटतंय, डोकं दुखतंय’ असं सांगतो. विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणींवरचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. लहानपणीचा आघात आणि स्वतःला इजा करून घेण्याची सवय यांना जोडणारा एक दुवा म्हणजे ही भावना ओळखता न येण्याची अडचण, असं त्यात दिसलं. आत काय चाललंय ते कळत नाही, सांगता येत नाही, फक्त असह्य होतं. मग माणूस ते शरीरावर काढतो. भावनांना नाव देणं हे म्हणूनच या थेरपीतलं चैनीचं काम नाही.

थेरपी कुठून आली

कॅनडात टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले लेस्ली ग्रीनबर्ग हे या पद्धतीचे मुख्य जनक. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची समानुभूतीवर, म्हणजे समोरच्याला काय वाटतंय ते त्याच्या जागी जाऊन जाणण्यावर, उभी असलेली पद्धत आणि फ्रिट्झ पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट या मानसोपचार परंपरेतलं रिकाम्या खुर्चीचं तंत्र (ते पुढे येईलच), अशा दोन धारा त्यांनी एकत्र आणल्या. ग्रीनबर्ग यांच्यासोबत काम केलेल्या सँड्रा पायव्हिओ यांनी पुढे विंडसर विद्यापीठात बालपणीच्या अत्याचारातून आलेल्या प्रौढांसाठी तिचं खास रूप बांधलं. त्यात साधारण 16 ते 20 सत्रं असतात, आठवड्याला एक, एका वेळी एकाच व्यक्तीसोबत. जोडप्यांसाठी सू जॉन्सन यांनी विकसित केलेल्या थेरपीचं नाव जवळपास सारखंच आहे आणि दोन्ही थेरपींचं मूळही एकाच ठिकाणी सापडतं, पण इथला विषय ती नाही.

पायव्हिओ आणि सहकाऱ्याचा 2001चा अभ्यास 32 जणांवर होता. काहींना थेरपी लगेच मिळाली, काहींना थांबावं लागलं. थांबलेल्यांमध्ये त्या काळात फारसा फरक पडला नाही. थेरपी मिळाल्यावर मात्र त्यांच्यातही पहिल्या गटाइतकीच सुधारणा झाली आणि सरासरीने पाहता ती नऊ महिन्यांनंतरही टिकून होती. हा आकडा लहान आहे हे खरं, आणि या विशिष्ट रूपावरचं बरंचसं संशोधन एकाच विद्यापीठाच्या वर्तुळातून आलेलं आहे. ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं. पण थेरपी उपयोगी पडते की नाही यापेक्षा ती कशामुळे उपयोगी पडते, हा प्रश्न या मंडळींनी फार चिकाटीने लावून धरला. मला त्यांच्या कामात रस आहे तो त्यामुळे.

सगळ्या भावना सारख्या नसतात

ही या थेरपीची किल्ली आहे, आणि ती नीट कळली तर बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

एक असते त्या क्षणाला साजेशी, थेट आलेली भावना. कुणी अन्याय केला म्हणून राग येतो, कुणाला तरी गमावलं म्हणून दुःख होतं. ही भावना माणसाला काहीतरी उपयोगी सांगते. राग सांगतो की इथे माझी हद्द ओलांडली गेली. दुःख सांगतं की जे गेलं ते मला मोलाचं होतं.

दुसरी भावनाही थेट येते, पण ती जुन्या काळातली असते. साहेबांनी जरा आवाज चढवला आणि चाळिशीतल्या माणसाचे हातपाय गार पडले, तर ती भीती आजच्या साहेबांची नसते. कुणी कौतुक केलं तरी मान खाली जाते, ती लाजही आजची नसते. लहानपणी या भावनांना कारण होतं. आता परिस्थिती बदलली तरी त्या तशाच उसळतात, आणि त्यांच्यामागून ‘मी नालायक आहे, माझं कुणी नाही’ ही जुनी समजूत येते.

तिसरी असते वरवरची भावना, जी दुसऱ्या भावनेला झाकते. आतून दुखावलेला माणूस आरडाओरडा करतो. आतून संतापलेली बाई रडत बसते, कारण रागावणं तिला कधी परवडलेलंच नाही. घरातली माणसं ही वरवरची भावना पाहूनच बोलतात आणि फसतात.

आता लक्षात येईल की नुसतं ‘व्यक्त व्हा’ म्हणण्यात काय धोका आहे. तिसऱ्या जातीची भावना तासभर व्यक्त केली तरी माणूस थकतो, पुढे सरकत नाही. दुसऱ्या जातीच्या लाजेत तर नुसतं बुडवून ठेवलं तर ती अधिकच घट्ट होते. थेरपिस्टचं कौशल्य म्हणजे समोर आलेली भावना यातली कोणती, हे क्षणाक्षणाला ओळखणं. वरवरची असेल तर तिला बगल देऊन खाली जाणं, जुनी असेल तर तिला हळूच जागं करणं, आणि मग पहिल्या जातीची निरोगी भावना तिच्यासमोर आणून उभी करणं. भावना भावनेनेच बदलते, असं ग्रीनबर्ग यांचं सांगणं आहे. ‘तुझी काही चूक नव्हती’ हे बुद्धीला पटतं, पण लाज त्याने हलत नाही. अन्यायाचा खरा राग आला, त्या लहान मुलाबद्दल पोटातून कणव दाटली, तर मात्र हलते.

सुरुवात नात्यापासून

ज्याला माणसांनीच दुखावलं, त्याला बरं व्हायलाही माणसाचीच सोबत लागते. अडचण तिथेच आहे. बंद खोली, समोर एक अधिकारी वाटावी अशी व्यक्ती, आणि ती म्हणते आहे, ‘विश्वास ठेवा.’ लहानपणीही कुणीतरी हेच म्हटलेलं असू शकतं.

थेरपिस्ट आणि क्लायंट (थेरपी घेणारी व्यक्ती) यांच्यातल्या कामाच्या नात्याचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 साली तीन भाग सांगितले: आपसातला जिव्हाळा, कुठे पोचायचं याबद्दल एकमत, आणि त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत. आघातातून आलेल्या माणसाच्या बाबतीत तिसरा भाग हमखास दुर्लक्षित राहतो. थेरपिस्ट चांगला वाटतो, बरं व्हायचंही आहे, पण ‘हे सगळं परत उकरून काय मिळणार?’ हा प्रश्न मनात तसाच असतो. त्याचं सरळ उत्तर पहिल्या काही सत्रांत मिळालं नाही, तर माणूस शरीराने येतो आणि मनाने दाराशीच थांबतो. पायव्हिओ यांच्या पद्धतीत पहिली तीन सत्रं मुख्यतः याच कामासाठी राखलेली असतात.

दिलासा देणारी एक गोष्ट इथे सांगतो. बालपणीचा आघात जितका तीव्र, तितकं हे नातं जुळायला सुरुवातीला अवघड जातं, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. पण ही अडचण शेवटपर्यंत टिकत नाही. म्हणजे पहिल्या भेटींमधला संशय, अबोला, सत्र चुकवणं यावरून ‘याला थेरपी लागू पडणार नाही’ असा निकाल लावणं घाईचं ठरेल.

आता समानुभूती. हा शब्द इतका वापरला गेलाय की तो ऐकून मऊ आवाज आणि हलणारी मान एवढंच डोळ्यांपुढे येतं. इथे ती त्याहून बरंच काही करते. समजा कुणी म्हणालं, ‘बाबांच्या गाडीचा आवाज आला की आम्ही सगळे गप्प व्हायचो.’ यावर ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारता येतं. माहिती मिळते, माणूस मात्र दूर जातो. किंवा असं म्हणता येतं, ‘म्हणजे आज कसा मूड असेल, याचा अंदाज घेत श्वास रोखून बसायचं... रोजच.’ हे ऐकल्यावर समोरच्याला तो रोखलेला श्वास जाणवतो. भावनेला शब्द मिळतो. आपलं कुणीतरी नेमकं ओळखलं, हे कळून भीती थोडी उतरते. एकाच वाक्यात भावना जागीही होते आणि आवाक्यातही राहते. लहानपणी मोठ्या माणसाने मुलासाठी जे करायला हवं होतं, म्हणजे त्याला काय होतंय ते ओळखणं, नाव देणं, शांत करणं, ते इथे उशिरा का होईना घडतं. हळूहळू माणूस ते स्वतःसाठी करायला शिकतो.

म्हणून सुरक्षितता आधी आणि उपचार नंतर, अशी विभागणी मला पटत नाही. सुरक्षित वाटणं हाच उपचाराचा एक मोठा भाग आहे.

रिकामी खुर्ची

चौथ्या सत्राच्या सुमारास या पद्धतीतलं सर्वांत प्रसिद्ध तंत्र येतं. ज्या व्यक्तीने त्रास दिला किंवा जिने वाचवायला हवं होतं ती समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली आहे अशी कल्पना करायची, आणि तिच्याशी थेट बोलायचं. तिच्या‘बद्दल’ बोलणं आणि तिच्या‘शी’ बोलणं यांत फार अंतर आहे. ‘आईने लक्ष दिलं नाही’ हे वाक्य दहा जणांना सांगून झालेलं असतं. ‘आई, तू शेजारच्याच खोलीत होतीस, तुला ऐकू येत होतं’ हे म्हणताना आवाज बदलतो.

इथेच थेरपिस्टचा कस लागतो. क्लायंट खुर्चीकडे बघून थिजला तर थिजण्यावरच काम करायचं. ‘तिला समोर बघून आत काय होतंय?’ असं विचारायचं, खुर्ची लांब सरकवायची, गरज पडली तर ती पूर्ण बाजूला ठेवायची. त्या खुर्चीकडून उत्तर यावं म्हणून अत्याचार करणाऱ्याची भूमिका क्लायंटला जबरदस्तीने वठवायला लावण्याचं कारण नाही.

या तंत्रात माणूस जितका मनापासून आणि जितक्या वेळा उतरतो तितका फायदा जास्त, आणि हा फायदा चांगल्या नात्याच्या फायद्याहून वेगळा मोजता येतो, असं पायव्हिओ यांच्या 2001च्याच आणखी एका अभ्यासात आढळलं. मग सगळ्यांनाच खुर्चीसमोर बसवावं का? 2010 साली त्यांच्या गटाने 45 जणांवर दोन रूपं ताडून पाहिली. एकात खुर्ची होती. दुसऱ्यात आठवणींवर आणि भावनांवर तसंच काम, पण बोलणं फक्त थेरपिस्टशी. दोन्ही गटांत चांगली सुधारणा झाली. थेरपी मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र खुर्ची नसलेल्या गटात कमी होतं.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. खुर्ची दिसायला नाट्यमय आहे, व्हिडिओत छान दिसते, प्रशिक्षणात लोक तीच शिकायला येतात. पण काम करते ती खुर्ची नव्हे. टाळलेल्या आठवणीला जिवंतपणे सामोरं जाणं हे काम करतं. ज्याला खुर्ची झेपत नाही त्याला तिथे ढकलणं हा थेरपिस्टचा हट्ट झाला. आणि ज्याला सत्ता गाजवणाऱ्यांनी आयुष्यभर ढकललं, त्याला आणखी एका माणसाने ढकलावं, यात उपचार कुठे राहिला?

बदलाची वाट

विंडसर विद्यापीठातले अँटोनिओ पास्क्वाल-लिओने आणि ग्रीनबर्ग यांनी 2007 साली अशा वाटेचा एक नकाशाच मांडला. यशस्वी सत्रांमध्ये भावना कोणत्या क्रमाने बदलत जातात ते त्यांनी रेकॉर्डिंगवरून काढलं.

सुरुवातीला असतो तो नुसता गोंधळलेला त्रास. ‘मला सहन होत नाही, सगळंच वाईट आहे, कशानेच काही होणार नाही.’ भावना तीव्र असते, पण कशाबद्दल ते स्पष्ट नसतं. यातून काही जण चिडीकडे वळतात: ‘जा मसणात, मला तुमची गरज नाही.’ काही जण आत वळून भीती आणि लाज यांच्यापाशी पोचतात: ‘मी घाण आहे. माझ्यात काहीतरी खोट आहे.’ बहुतेक ठिकाणी माणसं इथेच अडकतात. ही जागा दुखरी असते, त्यामुळे दिलासा देऊन क्लायंटला तिथून लवकर बाहेर काढावं, असा मोह थेरपिस्टलाही होतो.

पुढचं वळण येतं ते गरज बोलून दाखवण्यातून. समजा खुर्चीत आई आहे.

‘मी ओरडत होते आणि तू आली नाहीस.’

‘त्या वेळी तुम्हाला तिच्याकडून काय हवं होतं? तिलाच सांगा.’

बराच वेळ शांतता. मग, ‘दार उघडून आत यायला हवं होतंस. बाकी काही नको होतं गं. फक्त दार उघडायचं होतंस.’

ही गरज मोठ्याने म्हटली जाते तेव्हा तिच्यासोबत एक जाणीव येते की हे मागणं रास्त होतं. कुठल्याही मुलाला एवढं मिळायलाच हवं. आणि ज्याला हे मिळायला हवं होतं तो ‘घाण’ कसा असेल? इथून दोन भावना फुटतात. एक ठाम राग: ‘हे चूक होतं आणि याला तू जबाबदार आहेस.’ तो आधीच्या चिडीपेक्षा शांत असतो, त्यात आरडाओरडा कमी आणि हक्काची भाषा जास्त असते. दुसरी म्हणजे शोक. जे बालपण मिळालं नाही आणि आता कधीच मिळणार नाही, त्याचा शोक. सुरुवातीच्या हताश रडण्याशी त्याचा गोंधळ होऊ शकतो, कारण अश्रू दोन्हीकडे असतात. पण हताश रडण्यात माणूस स्वतःला दोष देत असतो, शोकात देत नाही. या दोन्हींच्या बरोबरीने स्वतःबद्दल माया वाटू लागते. ग्रीनबर्ग यांनी सहकाऱ्यासोबत केलेल्या 2002च्या अभ्यासातही गरज बोलून दाखवू शकलेल्या आणि समोरच्याकडे नव्या नजरेने पाहू शकलेल्या लोकांची सुधारणा अधिक होती.

ही वाट सरळ नसते, हे सांगणं भाग आहे. 2009 साली पास्क्वाल-लिओने यांनी दाखवलं की चांगल्या सत्रांतही माणूस दोन पावलं पुढे जातो आणि एक मागे येतो. ठाम राग आला, आणि पाच मिनिटांत परत ‘पण माझंच काहीतरी चुकलं असेल’ सुरू झालं. क्लायंटला वाटतं, सगळं मुसळ केरात. पण यशस्वी सत्रांत या माघारी उत्तरोत्तर छोट्या होत जातात आणि माणूस त्यातून लवकर सावरतो. घसरणं बंद झालं का, हा प्रश्नच चुकीचा. किती वेळात उठता आलं, ते बघायचं.

कसं सांगितलं जातं

दोन माणसं एकच घटना सांगतील, पण एकाच्या सांगण्यात तारखा, ठिकाणं आणि कोण काय म्हणालं एवढंच असेल. दुसरा बोलता बोलता थांबेल, शब्द शोधेल, ‘राग नाही म्हणता येणार... जास्त करून एकटं वाटलं... हो, एकटंच’ असं म्हणेल. तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यूजीन जेंडलिन यांच्या कामातून निघालेली आणि 1969 साली मांडली गेलेली एक सात पायऱ्यांची मोजपट्टी हाच फरक मोजते. खालच्या पायऱ्यांवर माणूस घटना बाहेरून सांगतो. मधल्या पायऱ्यांवर आतल्या अनुभवातून बोलतो. वरच्या पायऱ्यांवर त्या अनुभवाबद्दल प्रश्न विचारून त्यातून नवा अर्थ काढतो. ही खोली वाढवणं हे भावना-केंद्रित थेरपीतलं जवळपास सततचं काम आहे, मग खुर्ची असो वा नसो.

खुद्द क्लायंटना काय उपयोगी वाटतं, हेही विचारून झालेलं आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थेरपी घेतलेल्यांनी निवडलेले उपयुक्त प्रसंग आणि त्याच थेरपीतले इतर प्रसंग शेजारी ठेवून पाहिले. उपयुक्त ठरलेल्या प्रसंगांत बोलणं लहानपणीच्या अत्याचारावर अधिक केंद्रित होतं, भावनेची तीव्रता जास्त होती आणि खुर्चीचा वापरही अधिक होता. म्हणजे ज्या गोष्टीला माणूस सर्वांत जास्त घाबरतो, तीच मागे वळून पाहताना कामाची वाटते. अर्थात आधी नातं पक्कं झालेलं असेल तर.

तीव्रतेचंही गणित सरळ नाही. फार कमी असेल तर जुनी आठवण बदलण्याइतकी जागीच होत नाही. फार जास्त असेल तर माणूस वाहून जातो किंवा सुन्न होतो, आणि सुन्न झालेल्या मेंदूला नवं काही शिकता येत नाही. चांगला थेरपिस्ट या दोन टोकांच्या मधली पट्टी सांभाळत असतो: पाय जमिनीवर टेकवायला सांगतो, श्वासाकडे लक्ष वळवतो, ‘आत्ता तुम्ही इथे आहात, माझ्यासमोर’ अशी आठवण करून देतो, आणि मग पुन्हा आत नेतो.

क्षमा करायलाच हवी का?

नाही. एवढं थोडक्यात सांगून सोडणार होतो, पण आजूबाजूची माणसं या एका मुद्द्यावर फार छळतात. ‘झालं गेलं विसरून जा’, ‘शेवटी आईवडीलच ते’, ‘माफ केल्याशिवाय तुलाच शांती मिळणार नाही.’ या थेरपीत प्रश्न सुटला असं मानायला क्षमेची अट नाही. समोरची व्यक्ती खुर्चीत हळूहळू लहान दिसू लागते, तिची भीती वाटेनाशी होते, दोष जिथला तिथे जातो, आणि ‘तिच्याकडून आता मला काही मिळणार नाही, पण माझं त्यावाचून अडणारही नाही’ इथवर माणूस पोचतो. एवढं पुरेसं आहे. कुणाला त्यातून क्षमा करावीशी वाटली तर ती त्याची निवड. राग येऊ देण्याआधीच माणसाला क्षमा करायला लावलं, तर तो गप्प बसवण्याचाच एक सभ्य प्रकार असतो.

कधी थांबावं

जीव देण्याचे विचार ऐरणीवर आहेत, दारू किंवा ड्रग्जचा वापर हाताबाहेर गेलाय, घरात आजही हिंसा चालू आहे, किंवा भावनांचा उद्रेक इतका होतो की माणूस स्वतःला इजा करतो, अशा वेळी आठवणी उकरण्याचं काम पुढे ढकलतात. आधी जीव सुरक्षित करायचा. हिंसा चालू असलेल्या घरात राहणाऱ्या माणसाची भीती जुनी नसते, आजची आणि अगदी योग्य असते. तिला बदलायचं नसतं, तिचं ऐकायचं असतं.

ज्यांना ही थेरपी घ्यायची आहे त्यांनी पहिल्या दोनतीन भेटींत काही गोष्टी खुशाल विचाराव्यात. आघातातून आलेल्या लोकांसोबत तुम्ही आधी काम केलंय का? आठवणींवर काम कधी सुरू कराल, आणि मला नको वाटलं तर काय कराल? मी सुन्न झालो तर तुम्हाला ते कसं कळेल? उत्तरांपेक्षाही, प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्याकडे लक्ष द्यावं. प्रश्न विचारले म्हणून दुखावणाऱ्या थेरपिस्टसमोर राग व्यक्त करणं पुढे जमेल असं वाटत नाही.

जड सत्रानंतर एखाद-दोन दिवस थकवा, रडवेलेपणा, विचित्र स्वप्नं येणं नेहमीचं आहे. आठवडाभर सुन्नपणा उतरला नाही, झोप पूर्ण उडाली किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता थेरपिस्टला कळवावं. आणि ‘मागच्या वेळी तुम्ही मला घाई केलीत’ हे सांगावंसं वाटत असेल, तर तेही सांगावं, आवाज कापत असला तरी. थेरपिस्टने ते ऐकून घेतलं, आपलं चुकलं असेल तर कबूल केलं आणि वेग कमी केला, तर त्या दिवशी ठरवलेला विषय राहून गेला तरी सत्र वाया गेलेलं नसतं. ऐकूनच घेतलं नाही, तर थेरपिस्ट बदलायला हरकत नाही.